चढणीच्या माशांना अभय कोण देणार?

मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडून गेला, की सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत एका वेगळ्याच हंगामाची चाहूल लागते. उन्हाळाभर कोरडे पडलेले ओढे गढूळ पाण्याने फुगतात, ते पाणी भातखाचरांत शिरते आणि नदीच्या डोहांत कसाबसा उन्हाळा काढलेले मासे त्या पाण्याच्या उलट दिशेने वर चढू लागतात. ठाणे-रायगडकडे याला वलगण म्हणतात. दक्षिण कोकणात आणि कोल्हापूरच्या बाजूला हेच ‘चढणीचे मासे’. त्या रात्री गावात सहसा कोणी लवकर निजत नाही. कोणी पाग घेऊन, कोणी बांबूच्या कामट्यांची बोकशी घेऊन, तर कोणी हाती लागेल ती पिशवी घेऊन ओढ्याकडे धावतो. पूर्वी हाती कंदील असे, आज डोक्याला बांधायची बॅटरी असते, एवढाच फरक.

अलीकडे या धावपळीत एका नव्या वर्गाची भर पडली आहे. शनिवारी संध्याकाळी शहरांतून मोटारसायकलींवरून आणि मोटारींतून हौशी मंडळी येतात. त्यांत कचेरीत काम करणारे असतात, विद्यार्थी असतात, मुंबई-पुण्यात स्थिरावलेले पण गावाची ओढ न सुटलेले चाकरमानी असतात. मासे विकणे हा त्यांचा उद्योग नव्हे. वर्षातून एकदा मिळणारी ही मौज आहे. भिजावे, पाण्यात उतरावे, बादलीभर मासे पकडावेत, त्यांचे चलच्चित्र भ्रमणध्वनीवरून मित्रांना धाडावे आणि रात्री उशिरा गाभोळीने भरलेल्या माशाचे कालवण खावे. यात कोणाचे काय बिघडते, असे कोणी विचारले तर त्यात त्या माणसाचा दोष मोठा नाही. कारण बिघडते काय, हे त्याला कोणी कधी सांगितलेलेच नसते.

व्याज की मुद्दल?

उत्तर त्या गाभोळीतच आहे. मासे पावसाच्या पाण्यावर चढतात ते हौसेखातर नव्हे. नुकत्याच बुडालेल्या शेतात आणि उथळ ओढ्यात पाणी उबदार असते, पिलांना लागणारे सूक्ष्म खाद्य मुबलक असते आणि मोठ्या भक्षकांचा उपद्रव कमी असतो. म्हणून अंडी घालण्यासाठी मादी तेथवर येते. रोहूसारख्या माशाच्या किलोभर वजनाच्या मादीच्या पोटात दोन लाखांच्या आसपास अंडी असतात. अनुकूल उष्णतामानात ती एका दिवसाच्या आतबाहेर फुटतात. लाखांतली बहुतेक पिले पुढे मरतातच, हे खरे. पण लाखो अंडी घालण्याची निसर्गाची रीत याच हिशेबावर उभी आहे. वर चढणारी मादी अंडी घालण्यापूर्वीच ताटात गेली, तर या हिशेबाला सुरुवातच होत नाही.

मरळीचे उदाहरण याहून बोलके आहे. हा मासा अंडी घालून निघून जात नाही; नर-मादी पिलांची राखण करतात. तांबूस-नारिंगी पिलांचा थवा पाण्याच्या पृष्ठभागाशी हलताना दिसला, की त्याखाली मोठी मरळ आहे हे जाणकार मासेमार ओळखतो आणि नेमका तेथेच गळ टाकतो. मासा एकच पकडला जातो. परंतु राखणदार गेल्यावर तो सगळा थवा इतर माशांच्या आणि पक्ष्यांच्या तोंडी जातो. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर ही व्याजाची उचल नव्हे, मुद्दलालाच हात घालणे आहे. ज्या पेढीत खातेदार दर जूनमध्ये मुद्दल काढून नेतात, ती पेढी किती वर्षे चालेल हे सांगायला अर्थतज्ज्ञाची गरज नाही.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. आजे-पणजे हेच करीत आले, तरी मासे संपले नाहीत. मग आजच ही ओरड का? आक्षेप पोकळ नाही. परंतु आजोबांच्या काळी ओढ्यावर येणारी माणसे त्याच गावची होती, जाळी सुताची होती आणि ती घरी विणावी लागत. पकडलेला मासा त्या दिवशी खायचा किंवा सुकवायचा, याहून त्याचा दुसरा उपयोग नव्हता. म्हणजे पोटाची भूक हीच पकडीची मर्यादा होती. आज स्वस्त नायलॉनचे जाळे कोणत्याही बाजारात मिळते, डांबरी रस्ता ओढ्यापर्यंत पोचला आहे, घरी शीतकपाट आहे आणि वलगणीच्या माशाला शहरात दर आहे. मर्यादा घालणाऱ्या या गोष्टी एकेक करून गळून पडल्या. त्यांच्या जागी दुसरी मर्यादा मात्र कोणी घातली नाही.

समुद्रावर बंदी, ओढ्यावर काय?

समुद्राच्या बाबतीत अशी मर्यादा घालण्यात आली आहे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी समुद्रात न लोटण्याची कोळी समाजाची रूढी जुनी. यांत्रिक नौका आल्यावर नुसत्या रूढीचे बळ अपुरे पडू लागले आणि १९८१ साली महाराष्ट्राने सागरी मासेमारी नियमनाचा कायदा केला. आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते; बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना त्यातून सूट आहे. २०२१ साली या कायद्यात दुरुस्ती होऊन निवाड्याचे अधिकार तहसीलदाराकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याकडे गेले आणि गंभीर गुन्ह्यांसाठी दंडाच्या रकमा लाखांच्या घरात पोचल्या. २०२३ साली पापलेटला राज्यमाशाचा मान देण्यात आला आणि ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्यायोग्य किमान आकारही ठरविण्यात आला.

ही बंदी शंभर टक्के पाळली जाते असे कोणी म्हणणार नाही. तथापि ती बऱ्याच अंशी टिकते, याला कारण आहे. यांत्रिक नौका लपविता येत नाही. तिला नोंदणी असते, बंदर असते, डिझेल लागते आणि मासळी उतरवायला जेटी लागते. जेथे नजर ठेवायची अशी ठिकाणे मोजकी आहेत. शिवाय बंदीचा लाभ ज्यांना व्हायचा, तेच लोक ऑगस्टमध्ये पुन्हा समुद्रावर जाणार असतात. दोन महिन्यांचा त्याग आणि त्याचे फळ यांचा संबंध त्यांना डोळ्यांनी दिसतो.

ओढ्यावरील हौशी मासेमारीत यांपैकी एकही गोष्ट नाही. ओढे असंख्य आहेत, माणसे रात्रीच्या अंधारात येतात, त्यांच्याकडे ना परवाना ना नोंदणी. आज पकडलेल्या मादीमुळे पुढच्या वर्षी कोणाच्या ओढ्यात मासे कमी होतील, हे कोणालाच दिसत नाही. जिल्ह्याच्या कचेरीत बसणारी खात्याची मोजकी माणसे प्रत्येक वहाळावर पहारा देतील, ही कल्पनाच हास्यास्पद आहे. पकडले जाण्याचा संभव जवळजवळ शून्य असेल, तर कागदावरील दंड दोनशे रुपये आहे की दोन लाख, याला अर्थ उरत नाही.

दोनशे रुपये हा आकडा येथे उगाच आलेला नाही. १८९७ साली ब्रिटिश सरकारने केलेल्या भारतीय मत्स्य कायद्यात सुरुंगाने मासे मारणाऱ्यास दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. पाण्यात विष कालविणेही त्यात गुन्हा ठरले होते. जाळ्याच्या आसांचा आकार ठरविण्याचा आणि एखाद्या जलभागात दोन वर्षांपर्यंत मासेमारी पूर्ण बंद ठेवण्याचा अधिकारही त्याने प्रांतिक सरकारांना दिला होता. म्हणजे कल्पना नवी नाही. राज्यघटनेनेही मासेमारी हा विषय राज्यांच्या सूचीत घातला आहे. उणीव आहे ती कलमांची नव्हे. कलम आणि ओढा यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते तोडणाऱ्या व्यवस्थेची.

बंदी कोणावर पडणार?

हे अंतर केवळ दंडुक्याने तोडू गेल्यास काय होईल, याचाही विचार करायला हवा. ओढ्याकाठी सरकारी माणसाच्या हाती सहज सापडेल तो कातकरी. पहिल्या पावसात रानातली आणि वीटभट्टीवरची कामे थांबलेली असतात, भातलावणीची मजुरी सुरू व्हायची असते आणि घरातले धान्य तळाला गेलेले असते. अशा दिवसांत चार मासे, खेकडे ही त्या घराची गरज असते. हौशी पाहुणा मोटारीत बसून निघून जाईल, जिलेटिनच्या कांड्या वापरणारा आधीच पसार झालेला असेल आणि टोपलीभर मासे घेऊन पायी घरी जाणाऱ्या बाईवर खटला भरला जाईल. अशी बंदी अन्यायाची तर ठरेलच, पण निरुपयोगीही ठरेल. कारण ज्यांना ओढ्याची सर्वांत जास्त माहिती आहे, तेच लोक तिच्या विरोधात जातील.

म्हणून माणसामाणसांत आणि साधनासाधनांत भेद करणे अपरिहार्य आहे. हाताने, गळाने किंवा बोकशीने घरापुरते मासे पकडणे एक. ओढ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत जाळे ताणून वर चढणारा एकही मासा सुटू न देणे दुसरे. आणि सुरुंग, कीटकनाशक, ब्लीचिंग पावडर किंवा विजेचा झटका वापरून पिलांसकट सगळा डोह मारून टाकणे तिसरे. पहिल्याला सूट, दुसऱ्याला मनाई आणि तिसऱ्याला कडक शिक्षा, ही वाटणी कोणत्याही गावकऱ्याला पटेल अशी आहे. आज तिन्ही गोष्टी एकाच रात्री, एकाच ओढ्यावर, एकाच मौजेच्या नावाखाली चालतात.

दुसराही एक आक्षेप आहे आणि तो अधिक गंभीर आहे. धरणांनी माशांच्या वाटा अडविल्या, वाळूच्या उपशाने अंडी घालण्याच्या जागा नष्ट केल्या, कारखान्यांच्या आणि शहरांच्या सांडपाण्याने नद्या नासल्या, तिलापियासारखे परदेशी मासे घरात घुसले. आणि हे सारे सोडून गळ टाकणाऱ्या पोराला शहाणपण शिकवायचे काय? पश्चिम घाटातील गोड्या पाण्यातील माशांचा एक मोठा आढावा २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात विचारात घेतलेल्या २९० जातींपैकी सुमारे एक तृतीयांश जाती धोक्यात असल्याचे आढळले. या अवस्थेला हौशी मासेमार एकटा कारणीभूत नाही, किंबहुना तो मुख्य कारणही नसेल. सांडपाण्याकडे डोळेझाक करणाऱ्या शासनाला मासेमारीवर बंदी घालण्याचा नैतिक अधिकार कमीच पोचतो, हेही मान्य केले पाहिजे. परंतु आजारी माणसाला दुसऱ्यांनी मारले म्हणून आपणही एक फटका द्यावा, हा युक्तिवाद टिकणारा नाही. उलट ज्या नदीवर इतके आघात झाले आहेत, तिच्यात उरलेली गाभण मादी पूर्वीपेक्षा अधिक मोलाची ठरते.

देहू आणि वाळणचा धडा

पहारेकऱ्याशिवाय बंदी पाळली जाऊ शकते काय? महाराष्ट्रातच याचे उत्तर आहे. इंद्रायणीकाठी देहू-आळंदीच्या डोहांतील माशांना पिढ्यान् पिढ्या अभय मिळाले. महाड तालुक्यात काळ नदीवरील वाळण कोंडीत महसीर जातीचे मोठे मासे निर्धास्त फिरतात. देवीचे मासे म्हणून त्यांना कोणी हात लावीत नाही, उलट भाविक त्यांना खाऊ घालतात. तेथे ना अधिकारी, ना दंडाची पावती. नियम एका वाक्याचा आहे, तो लहान पोरालाही ठाऊक आहे आणि तो मोडणाऱ्याकडे सगळा गाव पाहत असतो. या तीन गोष्टींनी जे साधले, ते जाडजूड नियमपुस्तिकेने साधलेले नाही.

श्रद्धेच्या मर्यादाही येथे दिसतात. देव माशाला गळापासून वाचवू शकला, वरून येणाऱ्या सांडपाण्यापासून नाही. इंद्रायणीच्या आजच्या फेसाळ पाण्याकडे पाहून हे कोणालाही कळेल. शिवाय प्रत्येक ओढ्याला देवस्थान नसते. तरीही या डोहांची शिकवण आधुनिक अर्थशास्त्राशी जुळणारी आहे. सर्वांच्या मालकीचे कुरण शेवटी उजाड होते, असा सिद्धांत गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडला आणि तो पुढे जणू नियतीचा नियम म्हणून शिकविला गेला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची कुरणे, पाटबंधारे आणि मासेमारीची क्षेत्रे तपासून दाखवून दिले, की जेथे वापरणारे लोक स्वत: नियम ठरवितात, स्वत: देखरेख ठेवतात आणि चुकणाऱ्याला आधी सौम्य व मग कडक शिक्षा करतात, तेथे सामायिक संपत्ती टिकते. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच कार्याबद्दल. वाळणच्या गावकऱ्यांनी हा ग्रंथ वाचलेला नसणार. त्यांनी तो आचरला आहे.

जेथे श्रद्धेचा आधार नाही, तेथेही हौशी मासेमारांना शिस्त लावता येते, याचे उदाहरण इंग्लंडचे आहे. तेथे १८७८ च्या कायद्याने नद्यांतील माशांसाठी विणीच्या काळातील बंदी आली. इंग्लंडच्या नद्यांवर आजही १५ मार्च ते १५ जून हा काळ बंद असतो. १६ जून हा गळ टाकणाऱ्यांच्या दृष्टीने जणू सणाचा दिवस. बंद तळी आणि कालवे यांना पुढे बहुतांशी सूट मिळाली, नद्यांवरची बंदी मात्र राहिली. हौशी मासेमाराला तेथे परवाना काढावा लागतो आणि त्या शुल्कातून देखरेखीचा खर्च भागविण्यास मदत होते. तेथील परवाना-पद्धती जशीच्या तशी आपल्या ओढ्यांवर आणणे शक्य नाही आणि इष्टही नाही. घेण्यासारखी गोष्ट एकच: तारीख ठरलेली आहे, ती साऱ्यांना पाठ आहे आणि तिच्यासाठी थांबण्यातही आनंद मानला जातो.

नियम लहान हवा

या साऱ्यातून आपल्याकडील व्यवस्थेची रूपरेषा काढता येते. पहिली गोष्ट म्हणजे तारीख. समुद्रावरील बंदीची १ जून ते ३१ जुलै ही मुदत लोकांच्या कानावर दरवर्षी पडते. तीच मुदत हौशी मासेमारीसाठी ओढ्या-नद्यांनाही लावली, तर नवे काही लक्षात ठेवावे लागणार नाही. ‘ऑगस्ट उजाडेपर्यंत बाहेरच्याने ओढ्यात जाळे टाकू नये, आणि विष, सुरुंग, वीज कधीच नाही’, एवढा नियम एका फलकावर मावतो. घरापुरते मासे पकडणाऱ्या स्थानिक आदिवासींना त्यातून स्पष्ट सूट हवी. २००६ च्या वनहक्क कायद्याने माशांसह पाणवठ्यांतील उत्पन्नावरचा सामूहिक हक्क मान्य केलेलाच आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे अंमलदार. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांत मत्स्यव्यवसाय आहे. अनुसूचित क्षेत्रांत लहान पाणवठ्यांची व्यवस्था पंचायतींकडे देण्याची तरतूद १९९६ च्या कायद्यात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावपातळीवर समित्या स्थापावयाच्या असतात. या समित्यांना कागदी नोंदींपलीकडे काही काम द्यायचे असेल, तर हे काम तयार आहे. ग्रामसभेने आपल्या हद्दीतील एखाद-दुसरा डोह बारमाही राखीव ठेवावा, वलगणीच्या चार-पाच रात्री गावच्या तरुणांनी ओढ्यावर फेरी मारावी आणि दंडाची रक्कम गावच्या खात्यात जमा व्हावी. विष व सुरुंगाच्या बाबतीत मात्र पोलिसांनी मागे राहता कामा नये. तो पाहुणचाराचा प्रश्न नव्हे, गुन्ह्याचा आहे. पावसाळ्यात धबधब्यांवर जाण्यास मनाई करणारे हुकूम अनेक जिल्ह्यांत दरवर्षी निघतात आणि त्यांसाठी नाकाबंदीही होते. त्याच नाक्यावर जाळी आणि बॅटऱ्यांची चौकशी करणे अशक्य नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे माहिती. सरकारी परिपत्रकात ‘प्रजननक्षम मत्स्यसाठ्याचे संवर्धन’ असे शब्द असतात. ते वाचून कोणाचाही हात जाळ्यावरून मागे येत नाही. ‘गाभोळीचा मासा सोडा, दिवाळीला दहा पकडा’ हे मात्र समजते. एस. टी. स्थानकावर, मासळीबाजारात आणि जाळी विकणाऱ्या दुकानात हे दिसले पाहिजे. बंदी म्हणजे मौजेचा शेवट नव्हे. ती मौज दोन महिन्यांनी पुढे ढकलणे आहे, हे एकदा पटले की हौशी माणूस शत्रू राहत नाही. तोच दुसऱ्याला हटकू लागतो.

योगायोग असा, की महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत शाळाही नेमक्या याच दिवसांत, जूनच्या मध्याला उघडतात. वर्गाच्या खिडकीबाहेर ओढा फुगलेला असतो आणि बाकावरच्या अर्ध्या मुलांनी आदल्या रात्री मासे पकडलेले असतात. जीवशास्त्राचा, अर्थशास्त्राचा आणि नागरिकशास्त्राचा यापेक्षा चांगला पाठ पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. मासा वर का चढतो, त्याच्या पोटात काय असते आणि तो आज सोडला तर पुढे काय होते, एवढेच त्या पहिल्या आठवड्यात एखाद्या शिक्षकाने विचारले, तर ते उत्तर संध्याकाळी घरोघर पोचेल. ओढ्यावर पहारा ठेवायला सरकारजवळ माणसे नाहीत, ही तक्रार खरी आहे. पण ती माणसे दर जूनला दप्तर घेऊन शाळेत येऊन बसतात.